धंद्याची काळजी आणि मेंदूचे आरोग्य

नागपूर : इतवारी, गांधीबाग, मोमीनपुऱ्यातील दुकानदाराला तोटा वहीत दिसतो; पण त्याच काळजीने शरीरात काय बिघडते, ते दिसत नाही.

संकट आले की मेंदूचा इशारा मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना जातो. प्रथम अ‍ॅड्रेनालिन व मागोमाग कॉर्टिसॉल रक्तात उतरते. छाती धडधडते, रक्तातील साखर वाढते, माणूस सावध होतो. प्रसंग टळला की हे सारे पूर्ववत होते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली ताणाच्या परिणामांची मांडणी केली.

परंतु थकलेली उधारी, कर्जाचा हप्ता ही चिंता रोजचीच. १८७७ साली सुरू झालेली येथील एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. असे धक्के एका दिवसात ओसरत नाहीत. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिल्यास स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागावर परिणाम होतो. झोप उडते, हिशेब चुकतात, चिडचिड व उदासी वाढते. त्यामुळे गिऱ्हाईक तुटते आणि चिंता दुप्पट होते.

यासाठी पुरेशी झोप, रोजचे चालणे व घरच्यांशी मोकळे बोलणे हवे. कर्ज थकले असेल तर तोंड चुकवू नये, बँकेशी बोलून हप्ते बांधून घ्यावेत. दोन आठवडे उदासी हटली नाही तर डॉक्टरांना भेटावे; त्यांच्याकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०२२ पासून टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. दुकानाप्रमाणे मनाचाही हिशेब वेळेवर तपासावा.