लांबलचक डच शब्दांची फोड

इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांस 'वलंदेज' म्हटलें आहे व ज्यांची सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास वखार होती, त्या डच लोकांच्या भाषेंत हातभर लांबीचे शब्द आढळतात. ते पाहून नवशिका गांगरून जातो. परंतु विद्यार्थिमित्रहो, आपणांस समासाचा विग्रह करण्याची संवय आहे; तीच येथें उपयोगीं पडते.

'झीकेन' म्हणजे आजारी माणसें, 'हाउस' म्हणजे घर. 'झीकेनहाउस' म्हणजे रुग्णालय. दोन स्वरांमधील एकटें व्यंजन पुढील स्वराबरोबर घ्यावें, हा डच लेखनांतील सामान्य नियम होय. परंतु समासाच्या सांध्यापाशीं तो थांबतो. 'आव्होन्ड' म्हणजे संध्याकाळ व 'एटेन' म्हणजे जेवण. म्हणून ओळीच्या शेवटीं शब्द तोडावयाचा झाल्यास 'आव्होन्ड-एटेन' असा तोडावा. 'आव्होन-डेटेन' असा नव्हे. सांधा चुकला कीं अर्थहि पालटतो. 'क्वार्ट-स्लाखेन' म्हणजे पाव फेरे. तींच अक्षरें 'क्वार्ट्स-लाखेन' अशीं तोडलीं, तर गारगोटीच्या दगडाचे थर!

आतां आघाताविषयीं. सामासिक नामांत मुख्य आघात बहुधा पहिल्या घटकावर पडतो. 'झीकेनहाउस' शब्दांत तो 'झी'वर आहे. अपवादहि आहेत. 'स्टाटहाउस', म्हणजे नगरभवन, यांत जोर 'हाउस'वर येतो. क्रियापदांत तर फार जपावें लागतें. 'व्होरकोमेन' या शब्दाच्या आरंभीं जोर दिल्यास 'घडणें' असा अर्थ होतो, व 'को'वर दिल्यास 'घडूं न देणें' असा! अपघात घडला कीं टळला, हें केवळ आघातावरून ठरतें.

शेवटीं एक मोठा शब्द घेऊं. रोमन लिपींत त्याचीं 33 अक्षरें होतात: 'आर्बेइड्स-ओनखेस्खिक्टहेइड्स-व्हेरझेकेरिंग'. पहिला घटक 'काम', दुसरा 'असमर्थता', तिसरा 'विमा'. पहिल्या दोन घटकांच्या अखेरचा 'स' केवळ जोडणारा असून तो मागील घटकाकडेच राहतो. उच्चारांत 'आर-बेइड्स-ओन-खे-स्खिक्ट-हेइड्स-व्हेर-झे-के-रिंग' असे दहा अवयव होतात व मुख्य जोर अगदीं पहिल्या 'आर'वर पडतो. काम करण्याची शक्ति गमावलेल्या मनुष्यास आधार देणारा विमा, एवढाच त्याचा अर्थ.

तात्पर्य, लांब शब्द दिसतांच अक्षरें मोजूं नयेत. आधीं सांधे शोधावेत. सांधे सांपडले म्हणजे उच्चार व अर्थ हे दोन्ही हातीं येतात, असा आमचा अनुभव आहे.