सफरचंदाचे परंपरागत वाण : घरगुती बागेसाठी निवड

सफरचंदाच्या बीपासून वाढलेले झाड मातृवृक्षासारखी फळे देत नाही. प्रत्येक बीतून एक नवा आणि बहुधा निकृष्ट प्रकार निपजतो. त्यामुळे चांगला वाण केवळ कलमांच्या द्वारे टिकतो व कलमे बांधणे थांबले की अखेरच्या झाडाबरोबर तो नष्ट होतो. इंग्लंडमध्ये सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत निवडले गेलेले अनेक वाण व्यापारी लागवडीतून मागे पडले. कारण त्यांची फळे वाहतुकीत टिकत नाहीत, आकाराने सारखी नसतात किंवा त्यांची साल खरखरीत व तपकिरी असते. घरच्या बागेत हे दोष गौण ठरतात. केंट परगण्यातील ब्रॉगडेल येथील राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाचे २,००० हून अधिक वाण जतन केलेले आहेत. त्यांतून दोनतीनच निवडावयाचे असल्याने व निवड चुकल्याचे काही वर्षांनी, झाड फळाला येण्याच्या वेळी उमगत असल्याने नावलौकिकापेक्षा स्थळाचा विचार आधी करणे इष्ट असते.

‘कॉक्सेस ऑरेंज पिपिन’ हे याचे ठळक उदाहरण होय. रिचर्ड कॉक्स या निवृत्त बिअर-उत्पादकाने तो सु. १८२५ मध्ये कोलनब्रुक येथे बीपासून वाढविला. स्वादात त्याची बरोबरी करणारे वाण थोडे आहेत. परंतु खपली, भुरी व कँकर या कवकजन्य रोगांना तो सहज बळी पडतो आणि इंग्लंडच्या पावसाळी पश्चिम भागात व थंड उत्तरेत बहुधा निराशा करतो. अशा दमट ठिकाणी सु. १७०० च्या सुमारास ग्लॉस्टर येथे उद्‌भवलेला ‘ॲशमीड्स कर्नेल’ अधिक चांगला. त्याचे उत्पन्न बेभरवशाचे असते, पण चव उत्तम असते. सखल जागी वसंतातील उशिराच्या हिमतुषाराने मोहोर करपतो. तेथे फार उशिरा फुलणारा ‘कूर पाँद्यू प्ला’ हा प्राचीन वाण उपयोगी पडतो. हिमतुषार टळल्यावरच फुलत असल्याने इंग्रज बागाईतदारांनी त्याला ‘शहाणे सफरचंद’ म्हटले आहे.

परागण : सफरचंदाचे बहुतेक वाण स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत, जवळपास त्याच सुमारास फुलणारा दुसरा वाण असावा लागतो. शिजविण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ‘ब्रॅम्लीज सीडलिंग’ या आंबट वाणाच्या बाबतीत ही अडचण दुहेरी होते. नॉटिंगहॅमशरमधील साउथवेल येथे मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या तरुणीने १८०९ मध्ये पेरलेल्या बीपासून तो निर्माण झाला. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतले. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर याने कलमे करून विकण्याची परवानगी मागितली, तेव्हा वाणाला आपले नाव द्यावे या अटीवर ब्रॅम्लीने ती दिली. बी पेरणारीचे नाव मागे राहिले. हा वाण त्रिगुणित आहे, म्हणजे त्याच्या कोशिकांत नेहमीच्या ३४ ऐवजी ५१ गुणसूत्रे असतात व त्याचा पराग बव्हंशी निरुपयोगी असतो. ‘ब्रॅम्ली’ व ‘कॉक्स’ अशी दोनच झाडे लावल्यास ‘ब्रॅम्ली’ला फळे येतील, पण ‘कॉक्स’ला जवळजवळ नाहीत. ‘जेम्स ग्रीव्ह’सारखे तिसरे झाड लावल्याने हा प्रश्न सुटतो. शेजाऱ्याच्या बागेत अनुरूप झाड असल्यास अर्थातच तेवढ्याने भागते. सु. १७४० मध्ये वुडस्टॉक येथे आढळलेला ‘ब्लेनिम ऑरेंज’ हाही त्रिगुणित आहे.

खुंट : झाडाचा आकार मुख्यत्वे खुंटावर अवलंबून असतो. केंटमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्रात खुंटांचे वर्गीकरण होऊन त्यांना क्रमांक देण्यात आले. एम ९ खुंटावरील झाड २ ते ३ मी. उंच राहते व लवकर फळते, परंतु त्याला जन्मभर आधाराची काठी व सकस जमीन लागते. एमएम १०६ वरील झाड सु. ४ मी. होते आणि हा खुंट लोकरी माव्याला दाद देत नाही. सामान्य घरबागेस तोच सोयीचा. एम २५ वरील झाड ६ मी. वा अधिक वाढते व फळाला येण्यास बराच काळ घेते.

शीतगृह नसल्याने फळांचा हंगाम विभागून घेणे आवश्यक असते. ‘जेम्स ग्रीव्ह’ सप्टेंबरात, ‘एग्रेमाँट रसेट’ ऑक्टोबर ते डिसेंबरात खाण्याजोगे होते. ‘ॲशमीड्स कर्नेल’ काढल्यावर लगेच खाल्ल्यास कडक व आंबट लागते. डिसेंबरनंतर ते खरे पिकते. थंड, हवेशीर खोलीत ‘ब्रॅम्ली’ मार्चपर्यंत टिकते.

भारतात कॅप्टन आर. सी. ली यांनी १८७० मध्ये कुलू खोऱ्यातील बंद्रोल येथे इंग्लिश वाणांची बाग लावली. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सॅम्युअल स्टोक्स यांनी कोटगढ भागात आणलेल्या गोड अमेरिकन ‘डेलिशस’ वाणांनी बाजारपेठ काबीज केली. बहुतेक जुन्या वाणांना हिवाळ्यात ७° से. खाली सु. १,००० तासांची थंडी लागत असल्याने महाराष्ट्राच्या हवामानात ते फळत नाहीत.