घाटावरचा गाळ, घरातला संगणक

वाराणसीचा मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या श्रीधर मुन्शी यांच्या नावाने ओळखला जातो. पावसाळ्यात गंगा तेथील आणि आजूबाजूच्या घाटांच्या पायऱ्या पोटात घेते व पूर ओसरताना त्यांवर गाळाचा जाड थर सोडून जाते. मग पंपाने नदीचेच पाणी उपसून, त्याच्या जोरदार धारेने हा गाळ पुन्हा नदीत लोटला जातो. गाळ ओला असेतो हे काम उरकावे लागते. एकदा वाळून घट्ट झाला की तो सहजी सुटत नाही. खालचा दगड मात्र शाबूत असतो.

घरातल्या संगणकाचेही बहुधा असेच असते. तो मंदावला की ‘जुना झाला’ असा निर्वाळा दिला जातो आणि नव्या खरेदीसाठी कर्जाची चौकशी सुरू होते. (बँकेच्या नियतकालिकाने हे सांगू नये, तरीही अशी घाई बहुतेकदा अनावश्यक असते.) यंत्राचे भाग सहसा वयामुळे संथ होत नाहीत, वाढलेला असतो तो त्यांच्यावरील भार.

हा भार समजून घेण्यास बँकेतीलच उदाहरण पुरेसे आहे. रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. टेबल भरून वाहू लागले की काही फायली रेकॉर्ड रूममध्ये ठेवाव्या लागतात आणि लागतील तेव्हा प्रत्येकीसाठी खेप घालावी लागते. रॅम अपुरी पडली की संगणक नेमके हेच करतो. टेबल अडवून बसलेल्यांत अनेक जण न बोलावता आलेले असतात. नवा प्रोग्रॅम बसविताना तो संगणकासोबत आपोआप सुरू होण्याची मुभा स्वतःच घेऊन ठेवतो. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ विभागात ही मंडळी दिसतात. अँटिव्हायरस वगळता अनोळखी नावांची माहिती घेऊन अनावश्यक ती बंद करावीत. ब्राउझरमधील एक्स्टेन्शन्सनाही हाच नियम लावावा.

विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्णपणे विसावतोच असे नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ‘रीस्टार्ट’ करणे इष्ट.

तात्पुरत्या फायली ‘डिस्क क्लीनअप’ने महिन्याकाठी काढाव्यात. डिस्क काठोकाठ भरू देऊ नये. डिफ्रॅगमेंटेशनचा उपयोग फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला होतो. एसएसडीला त्याची गरज नसते. उलट, जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा वेग वाढविण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय होय.

धूळ हा खराखुरा गाळ. पंख्यावर ती साचली की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी आपली गती घटवितो. वर्षातून दोनदा, वीजजोडणी काढून, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडावी. ओले फडके वापरू नये.

मंद संगणकाचा खरा धोका मात्र निराळाच आहे. ‘आपला संगणक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना पडद्यावर झळकते. वैतागलेला ग्राहक फोन करतो, सांगितलेले सॉफ्टवेअर बसवितो आणि संगणकाचा ताबा परक्याच्या हाती देतो. त्यानंतर त्याच संगणकावर उघडलेले नेट बँकिंग त्या परक्यालाही दिसते. असे घडल्यास इंटरनेटची जोडणी तत्काळ तोडावी, बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यावर आर्थिक व्यवहार करणाऱ्यांनी अद्ययावत प्रणालीची सोय करून घ्यावी.

संगणक दुरुस्तीस देण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी आणि ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड आठवणीने पुसावेत.