विश्लेषण : अपघातस्थळी ड्रोन उडवता येतो का? ‘तात्पुरता रेड झोन’ म्हणजे काय?

मोठा अपघात, पूर किंवा चकमक झाली की थोड्याच वेळात आकाशातून टिपलेली दृश्ये मोबाइलवर फिरू लागतात. अमेरिकेत हे काम वृत्तवाहिन्यांची हेलिकॉप्टर करतात, आपल्याकडे ते ड्रोनकडे आले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र त्याच आकाशातून जखमींना नेणारे हेलिकॉप्टरही ये-जा करते. अशा वेळी ड्रोनला मनाई कोण करू शकते आणि किती काळ, याविषयी...

ड्रोन कुठे उडवता येतो?

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियमावली अधिसूचित केली. त्यानुसार आकाशाचे तीन भाग पडतात. ‘ग्रीन झोन’मध्ये साधारण ४०० फुटांपर्यंत म्हणजे १२० मीटरपर्यंत उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही. ‘यलो झोन’मध्ये हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, तर ‘रेड झोन’मध्ये केंद्र सरकारची परवानगी लागते. कोणता परिसर कोणत्या रंगात आहे, हे ‘डिजिटल स्काय’वरील नकाशासाठी ठरवून दिले आहे. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात चित्रीकरणासाठी वन विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

ग्रीन झोनमध्येही धोका कसा?

विमाने खूप उंचावरून जातात, त्यामुळे १२० मीटरपर्यंतचे आकाश मोकळे आहे असे वाटते. बचावकार्यातील हेलिकॉप्टर मात्र उतरताना आणि उडताना याच थरातून जाते. शेतात, शाळेच्या मैदानावर, नदीकाठी, जागा मिळेल तिथे त्याला उतरावे लागते. छोटा ड्रोन वैमानिकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तो पंख्याच्या पात्यांवर किंवा काचेवर आदळला तर जमिनीजवळ सावरायला वेळही नसतो. म्हणूनच माणसे वाहून नेणाऱ्या विमान-हेलिकॉप्टरला ड्रोनने नेहमी वाट द्यायची, असे नियमावली सांगते. झोन हिरवा असला तरी हा नियम लागू असतो.

गडचिरोलीत हा प्रश्न अधिक गंभीर का?

येथे हेलिकॉप्टर ही अनेकदा जखमीची एकमेव आशा असते. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोला जंगलातील चकमकीत जखमी झालेल्या चार जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला हलवण्यात आले. १७ जुलै २०२४ रोजी एटापल्ली तालुक्यातील वांडोली चकमकीनंतरही जखमींसाठी हेलिकॉप्टरच धावले. गडचिरोली शहरापासूनच नागपूर रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर, एटापल्ली-भामरागड तर त्याहून कितीतरी आत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एका ड्रोनमुळे हेलिकॉप्टरला उतरणे लांबवावे लागले, तर त्याची किंमत जखमीला किंवा अडलेल्या बाळंतिणीला मोजावी लागते.

आकाश तात्पुरते कोण बंद करू शकते?

राज्य सरकार किंवा पोलिसांसारखी कायदा राबवणारी यंत्रणा. तातडीची गरज असल्यास ठरावीक भागावर ‘तात्पुरता रेड झोन’ जाहीर करता येतो. त्यासाठी तीन अटी आहेत. आदेश पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्याचा हवा, मुदत एका वेळी ९६ तासांपेक्षा जास्त नको आणि क्षेत्र गरजेपुरतेच हवे. ही बंदी फक्त ड्रोनसाठी असते. विमाने आणि हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना असे निर्बंध ‘नोटॅम’ या सूचनेद्वारे कळवले जातात.

अमेरिकेत काय होते?

तेथे आपत्तीच्या जागेवर तात्पुरते हवाई निर्बंध लावले जातात, पण त्यांचे प्रकार आहेत. धोका फार मोठा असेल तर मदतकार्याशिवाय कोणालाच प्रवेश नसतो. इतर वेळी उड्डाणाची माहिती आधी देऊन आणि बचाव विमानांच्या वर राहून वृत्त हेलिकॉप्टरला जाता येते. असे नियम का लागतात, हे काही घटनांतून दिसते. २७ जुलै २००७ रोजी फिनिक्स शहरात पोलिसांच्या पाठलागाचे चित्रण करणारी दोन वृत्त हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून चार जण ठार झाले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात एका छोट्या ड्रोनने पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडले. ऐन आगीत ते विमान काही दिवस जमिनीवर राहिले.

मग बातमीचे काय?

बंदीला मुदत आणि हद्द असण्याचे महत्त्व इथेच आहे. १९ मे २०२२ च्या रात्री चंद्रपूर-मूल मार्गावर अजयपूरजवळ डिझेल टँकर आणि लाकडाच्या ट्रकची धडक होऊन लागलेल्या आगीत नऊ जणांचा होरपळून मृत्यू झाला. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी बल्लारशा स्थानकातील पादचारी पुलाचा भाग कोसळला. अशा घटनांत रस्ता, पूल, मदत कशी होती हे लोकांना दिसणे गरजेचे असते. बचावकार्य संपल्यावरही मनाई सुरू राहिली, तर सुरक्षेचा नियम माहिती दडवण्याचे साधन ठरू शकतो. दहशतवादविरोधी कारवाईचा नियम मात्र वेगळा आहे. २०१५ पासून अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण वाहिन्यांना करता येत नाही. ती संपेपर्यंत नियुक्त अधिकारी वेळोवेळी देईल त्या माहितीवरच वार्तांकन करावे लागते.

नियम मोडल्यास?

ड्रोन नियमावलीनुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इतरांचा जीव धोक्यात घातल्यास भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण हेलिकॉप्टरला वाट देण्यातून त्यालाही सूट नाही. त्यामुळे घटनास्थळी ड्रोन उडवण्याआधी नकाशा पाहावा, तेथील पोलिसांना विचारावे आणि हेलिकॉप्टरचा आवाज कानावर येताच ड्रोन खाली घ्यावा. चित्रण थोडे उशिरा केले तरी चालते.