दूरच्या वर्गाची घडी

शाळेत नव्याने आलेल्या मुलाला तेथील रीतिरिवाज कोणी वाचून दाखवीत नाही. घंटा झाली की प्रार्थना, प्रार्थनेनंतर हजेरी, हजेरीनंतर पहिला तास, हे त्याला दोन दिवसांत उमगते. गृहपाठाच्या वह्या कोणत्या दिवशी टेबलावर ठेवायच्या, गुरुजी फळ्याकडे वळले म्हणजे वही उघडायची की नुसते ऐकायचे, हे तो शेजारच्या मुलाकडे पाहून शिकतो. भिंती, बाक, घंटा आणि सोबती हे सारे मिळून शिक्षकाचे निम्मे काम मुकाट्याने करीत असतात. ते इतके मुकाट्याने होते की शिक्षकालाही त्याची जाणीव राहत नाही.

मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि हे मुके साहाय्यक एका दिवसात नाहीसे झाले. शिक्षक होते, पुस्तके होती, विद्यार्थीही होते; परंतु घंटा वाजवणारे कोणी उरले नाही. पुढे शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी मोबाइलच्या पडद्यावरून शिकण्याची वाट बंद झाली नाही. ती आता कायमची वाट झाली आहे. म्हणूनच या वाटेवर घंटेचे काम कशाने व्हावे, हा प्रश्न साथ ओसरल्यावरही आपल्यापुढे उभा आहे.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना तर तो अधिकच जवळचा आहे. शिरूरला रेल्वे नाही. घोडनदीकाठच्या या गावाची पुण्याशी ये-जा नगर रस्त्याने चालते. भीमेकाठचे दौंड रेल्वेचे जंक्शन. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती या बाजूंचे लोहमार्ग तेथे मिळतात. पण दोन्ही गावांतून पुण्यातल्या वर्गात जाऊन बसायचे म्हणजे दिवसाचे कित्येक तास प्रवासात घालवावे लागतात. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा तरुण, लग्नानंतर शिक्षण तुटलेली सून, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहणे न परवडणारा शेतकऱ्याचा मुलगा, अशांना ऑनलाइन अभ्यासक्रम हा सोयीचा प्रश्न नसतो. पुष्कळदा तोच एक उपाय असतो. तो फसला तर त्यांना दुसरा दरवाजा लवकर सापडत नाही.

दूर बसून शिकवण्याची ही खटपट मात्र आजची नव्हे. पुणे नभोवाणी केंद्र 1953 साली सुरू झाले आणि 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने तेथून एक प्रयोग झाला. पुण्यासह तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे गावे निवडून तेथे शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे. एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाने ठरल्या वेळी एकत्र जमावे, कार्यक्रम ऐकावा, लगेच त्यावर चर्चा करावी, आणि शंका व निर्णय लिहून केंद्राकडे पाठवावेत, अशी पद्धत होती. शंकांची उत्तरे पुढे नभोवाणीवरूनच मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. तिने मंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांची तुलना केली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडलेली दिसली. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथील भर त्या मानाने फारच थोडी होती. आवाज तोच, वक्ते तेच, माहितीही तीच. फरक पडला तो जमण्याच्या, बोलण्याच्या, लिहिण्याच्या आणि उत्तर मिळण्याच्या ठरलेल्या क्रमाने. यंत्र माहिती घरात आणून सोडते. ती पचते कशाने, हे त्या दीडशे गावांनी तेव्हाच दाखवून दिले होते.

आजच्या ऑनलाइन वर्गाला हा क्रम कसा लावावा?

पहिली गोष्ट वेळेची. दौंडच्या फलाटावरचा प्रवासी गाडी उशिरा येणार हे एक वेळ सहन करतो. वीस मिनिटांचा उशीर आहे असे ध्वनिक्षेपकावरून कळले तर तो चहा पिऊन येतो. काहीच कळले नाही तर तो जागचा हलत नाही आणि मनातून चिडतो. विद्यार्थ्याचेही तसेच आहे. आज सकाळी सातला, उद्या रात्री नऊला, परवा सूचना आली तर, अशा वर्गाला पाळीवरचा कामगार येऊ शकत नाही. त्याला पाळी बदलून घ्यायलाही चार दिवस आधी सांगावे लागते. सबंध सत्राचे वेळापत्रक पहिल्याच दिवशी हाती द्यावे, आणि बदल करणे भागच पडले तर तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या मुदतीत कळवावा.

दुसरी गोष्ट जागेची. शाळेत सूचनाफलक एकच असतो. ऑनलाइन वर्गात एक सूचना व्हॉट्सॲपवर, दुसरी ईमेलवर, तिसरी तासाच्या शेवटी तोंडी, असे होऊ लागले की अर्धी बुद्धी शोधाशोधीतच खर्च होते. तासाची लिंक, वाचायचा पाठ, गृहपाठ आणि मुदत या चार गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच क्रमाने असाव्यात. चर्चेसाठी निराळा गट असला तरी चालेल. पण शुभेच्छांच्या आणि विनोदांच्या ढिगाऱ्यात परीक्षेची तारीख गाडली जाता कामा नये.

तिसरी गोष्ट तासाच्या आकाराची. कीर्तनकार पूर्वरंग आणि उत्तररंग पाळतो, त्यामुळे श्रोता कोठे आहोत हे ओळखून असतो. ऑनलाइन तासालाही असा ओळखीचा आकार हवा. आरंभी मागच्या धड्यावरचा एक प्रश्न, मग दहा-पंधरा मिनिटे विवेचन, मग प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या, पुन्हा विवेचन, शेवटी आज काय शिकलो आणि पुढच्या वेळी काय आणायचे, हे दोन वाक्यांत. आकार रोज तोच असला म्हणून तास कंटाळवाणा होत नाही. उलट पुढे काय करायचे याची धास्ती न उरल्यामुळे मन विषयाकडे वळते. मध्येच ज्याचे नेट गेले, तो परत आल्यावर कोठे पोचलो हेही त्याला चटकन कळते.

चौथी गोष्ट अपेक्षांची, आणि येथेच पुष्कळ वर्ग घसरतात. ‘नियमित अभ्यास करावा, वर्गात सक्रिय सहभाग घ्यावा’ हा उपदेश झाला. त्याला कोणाचीच हरकत नसते आणि त्याने कोणाला काही कळतही नाही. ‘दर गुरुवारी रात्री नऊपर्यंत एका पानाचे उत्तर स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवावा, उत्तरात एक व्याख्या आणि आपल्या गावातले एक उदाहरण असावे’, ही अपेक्षा झाली. ती पुरी झाली की नाही हे विद्यार्थी स्वतःच तपासू शकतो. सोबत मागच्या वर्षीच्या एखाद्या चांगल्या उत्तराचा नमुना नाव झाकून दाखवला, तर तासभराच्या सूचनांचे काम तो एक कागद करील.

अपेक्षा एकतर्फी मात्र नसावी. विद्यार्थ्याला मुदत आहे, तशी शिक्षकालाही असावी. ‘शंका केव्हाही विचारा’ हे ऐकायला उदार वाटते. प्रत्यक्षात रात्री अकराला आलेल्या प्रश्नाचे उत्तर राहून जाते आणि विचारणारा पुन्हा विचारीत नाही. त्यापेक्षा ‘मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ मी शंकांना उत्तरे देईन, पाठवलेले लेखन आठ दिवसांत तपासून परत करीन’, हे मोजके वचन बरे. 1956 च्या मंडळांतील शेतकरी आपल्या शंका लिहून पाठवीत, कारण त्यांना उत्तर येत असे.

यावर एक आक्षेप येईल. आमच्या भागात वीज जाते, वाड्यावस्त्यांवर रेंज मिळत नाही, घरात तीन मुलांत एक मोबाइल असतो. तेथे ही शिस्त कशी चालायची? आक्षेप खरा आहे. पण त्याचा निष्कर्ष शिस्त नको असा निघत नाही. शिस्त ठरवतानाच अडचणीला जागा ठेवावी, एवढाच निघतो. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी चालवलेल्या एनपीटेल या उपक्रमाची रीत येथे पाहण्यासारखी आहे. तेथील प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला गृहपाठ असतो आणि त्याची मुदत ठरलेली असते. परंतु गुण देताना बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगले आठ गृहपाठ धरण्याची रीत आहे. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सहा. चार वेळा वीज गेली, घरात लग्नकार्य निघाले, आजारपण आले, तरी विद्यार्थ्याला विनवणीचा अर्ज लिहावा लागत नाही. सवलत नियमातच आहे, ती सर्वांना सारखी आहे आणि आधीपासून माहीत आहे. विनवण्या करून मिळणारी सवलत बोलक्या विद्यार्थ्याला मिळते. भिडस्त मुलगी मात्र मागे राहते.

मोबाइलच्या वाटणीवरही उपाय आहे. साथीच्या काळात जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. प्रत्येक इयत्तेची वेळ नेमलेली होती. त्यासाठी नेटचा खर्च नव्हता, आणि घरातील दोन मुलांच्या वेळा एकमेकींवर येत नव्हत्या. सगळ्यांनी एकाच वेळी पडद्यापुढे हजर असलेच पाहिजे असे काम थोडे ठेवावे. सवडीने ऐकण्याचे, वाचण्याचे आणि लिहिण्याचे काम अधिक ठेवावे. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्तीही विचार करूनच करावी. एका खोलीच्या घरात पडद्यावर कोण कोण दिसेल, हे मुलीच्या हातात नसते. हजेरी घ्यायचीच असेल तर तासाच्या शेवटी लिहिलेल्या दोन ओळींवरून घ्यावी. चेहरा दिसल्याने लक्ष आहे असे ठरत नाही. लिहिलेल्या ओळींवरून मात्र पुष्कळ कळते.

या सर्व खटाटोपाची गरज कोणाला आहे, हे शेवटी पाहिले पाहिजे. ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत, स्वतंत्र खोली आणि संगणक आहे, तेथील मुलगा ढिसाळ वर्गातूनही तरून जातो. शिक्षकाने न सांगितलेले त्याला घरात कोणीतरी सांगते. घडी विस्कटलेल्या वर्गात बुडतो तो ऊसतोडणीच्या, पाळीच्या, रोजंदारीच्या घरातला विद्यार्थी. त्याला विचारायला घरात कोणी नसते, आणि आपल्याला समजले नाही हा आपलाच दोष आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्ष वर्गात त्याचा रिकामा बाक तरी दिसतो. पडद्यावर रिकामा बाक नसतो. एक नाव कमी झाले तर उरलेली चौकट नीटनेटकी जुळून येते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून ऑनलाइन वर्गाच्या नित्यक्रमात एक काम अगदी पक्के असले पाहिजे. लागोपाठ दोन गृहपाठ आले नाहीत की तिसऱ्याची वाट न पाहता त्या विद्यार्थ्याला फोन करायचा. रागवायचे नाही, गुणांचा धाक घालायचा नाही. काय अडले, एवढेच विचारायचे. हे काम शिक्षकाला एकट्याला झेपत नसेल तर पाच-सहा विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येकात एकावर ते सोपवावे. 1956 च्या प्रयोगात गावोगावच्या मंडळांनी तरी दुसरे काय केले? ऐकणाऱ्याला एकटे पडू दिले नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण शिक्षक नाहीत. पालक आहेत, किंवा स्वतःच कोठल्या तरी अभ्यासक्रमाला नाव घालण्याच्या विचारात आहेत. त्यांनी पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. वेळापत्रक लेखी मिळेल काय? सूचना कोठे मिळतील? दर आठवड्याला नेमके काय करून द्यायचे आहे? आणि शंकेचे उत्तर किती दिवसांत येईल? या चार प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहून देणारा वर्ग साध्या मोबाइलवर चालत असला तरी विश्वासाने धरावा. जो ती देऊ शकत नाही, त्याच्या झगमगीत पडद्याला भुलू नये. घंटा वाजवणारा हात दूर असला तरी चालेल, परंतु घंटा ठरल्या वेळी वाजली पाहिजे, आणि ती शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेली पाहिजे.