वजन उतरवताना लागणारी भूक

वजन घटू लागले की भूक वाढते; हा मनाचा दुबळेपणा नव्हे. चरबी कमी झाल्यावर भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते आणि जठरातून स्रवणारे, भूक जागवणारे घ्रेलिन वाढते. घ्रेलिन रोजच्या खाण्याच्या वेळी चढते, पण न खाल्ले तरी ओसरते. त्यामुळे संध्याकाळी दादर स्थानकाबाहेर वड्याच्या वासाने खवळलेली भूक बहुधा थोड्या वेळाने निवते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची योजना दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवायला सांगते. मधे पाणी, पातळ ताक चालते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा मार्ग धरूच नये. एवढा खंड न झेपणाऱ्यांना मोड आलेल्या मटकीची, कमी तेलातली उसळ अधिक सोयीची: तिच्यातली प्रथिने आणि तंतू पोट बराच वेळ भरलेले ठेवतात.