लीगची पहिली मॅच जिंकणारी टीम ऑगस्टमध्येच बंद का पडली?

आज बेसबॉलबद्दल बोलूया. खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल, कारण गोष्ट मुख्यतः पैशाची आहे.

साल 1871. मार्चमध्ये न्यूयॉर्कला काही क्लब जमले आणि त्यांनी अमेरिकेतली पहिली प्रोफेशनल बेसबॉल लीग सुरू केली, नॅशनल असोसिएशन. बोस्टन, शिकागो, फिलाडेल्फियासारखी मोठी शहरं होतीच. पण यादीत इंडियाना राज्यातलं फोर्ट वेनही होतं. लोकसंख्या जेमतेम 18 हजार! टीमचं नाव केकिओंगा. तीन नद्यांच्या संगमावर मायामी या मूळनिवासी लोकांची वस्ती होती, तिचं हे नाव.

एवढ्या लहान गावाला प्रवेश कसा मिळाला? सोपं आहे. चॅम्पियनशिपसाठी खेळायची फी होती फक्त 10 डॉलर. लोकसंख्येची अट नाही, पक्कं वेळापत्रकही नाही. कुणाशी कधी खेळायचं, ते क्लबांनी आपापसात ठरवायचं.

4 मे 1871. लीगची सगळ्यात पहिली मॅच फोर्ट वेनमध्येच झाली, क्लीव्हलंडविरुद्ध. पहिला बॅटर डीकन व्हाइट, त्याने लगेच फटका मारून दुसरा बेस गाठला. पण पुढच्याच बॅटरचा कॅच टॉम कॅरीने घेतला आणि बेस सोडून पुढे आलेल्या व्हाइटलाही आउट केलं. केकिओंगाचा पिचर होता बॉबी मॅथ्यूज, वय फक्त 19. त्याने क्लीव्हलंडला एकही रन काढू दिला नाही. स्कोअर 2-0. हा स्कोअर त्या काळात किती वेगळा होता बघा: दुसऱ्याच दिवशी बोस्टनने वॉशिंग्टनच्या टीमला 20-18 असं हरवलं!

म्हणजे सुरुवात झकास. मग बिघडलं कुठे?

फी 10 डॉलर असली तरी खरा खर्च नंतर सुरू होतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो, साइन-अप फुकट असतं आणि सर्व्हरचं बिल महिन्याच्या शेवटी येतं. इथे बिल होतं खेळाडूंच्या पगाराचं आणि रेल्वे प्रवासाचं. फोर्ट वेन ते बोस्टन हे अंतर हजार किलोमीटरपेक्षा जास्त. आणि उत्पन्न? मुख्यतः तिकिटांचं. 18 हजारांच्या गावात दर मॅचला किती लोक येणार? त्यात त्या काळी खेळाडू करार अर्धवट टाकून सरळ दुसऱ्या क्लबकडे जायचे.

7 मॅच जिंकल्या, 12 हरल्या आणि ऑगस्ट संपता संपता टीम बंद. गंमत म्हणजे तिची जागा ब्रुकलिनच्या एकफर्ड क्लबने घेतली. हेच लोक सीझनच्या आधी 10 डॉलर भरायला तयार नव्हते!

फोर्ट वेन एकटं नव्हतं. इलिनॉयमधलं रॉकफर्ड एकाच सीझननंतर गेलं. कनेक्टिकटमधलं मिडलटाउन 1872 च्या ऑगस्टमध्ये बंद पडलं. आयोवातलं किओकक 1875 मध्ये 13 पैकी एकच मॅच जिंकून संपलं. टीम मधेच गायब झाली की ठरलेल्या मॅच बुडायच्या आणि नुकसान सगळ्यांचंच व्हायचं.

म्हणून 1876 मध्ये नॅशनल लीग सुरू झाली तेव्हा तिने दारच अरुंद केलं. फी 100 डॉलर आणि शहराची लोकसंख्या किमान 75 हजार. अपवाद हवा असेल तर सगळ्या क्लबांचं एकमत पाहिजे. लीग टिकली, आजही आहे. पण त्या नियमाने फोर्ट वेनसारख्या गावांना मात्र बाहेर ठेवलं.

आणि हिशेब इथेच संपत नाही. 1969 मध्ये बेसबॉलच्या रेकॉर्ड समितीने ठरवलं की नॅशनल असोसिएशनला ‘मेजर लीग’ म्हणायचं नाही. तिचं वेळापत्रक आणि कारभार फारच विस्कळीत होता. म्हणजे 4 मे 1871 ची ती 2-0 मॅच मेजर लीगच्या अधिकृत इतिहासातली पहिली मॅच ठरत नाही. मॅथ्यूजने कारकिर्दीत 297 मॅच जिंकल्या, तरी तो हॉल ऑफ फेममध्ये नाही. त्याच्या पहिल्याच चेंडूंवर फटका मारणारा व्हाइट मात्र 2013 मध्ये तिथे पोचला.

मला विचाराल तर 75 हजारांची अट समजते. रोज कोलमडणारी लीग कुणाला हवी? पण इतिहासातून नाव कापायची गरज नव्हती. पैसे संपले म्हणून जिंकलेली मॅच हरलेली होत नाही ना!

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!